बिनतारी कुंपण

पाडव्याच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी सहा वाजता सोनवणवाडीच्या शिवाराचं कुंपण चालू झालं. हिंगणमाळच्या शिवाराचं कुंपण त्याच वेळी उतरायचं होतं. ते उतरलं नाही. धुळा बंडगरची दोनशे ऐंशी मेंढरं तेव्हा दोन गावांच्या मधल्या ओढ्यात होती. ती तिथेच उभी राहिली.

वाटसरूला तिथे काहीच दिसलं नसतं. ना तार, ना काटे, ना खांब. कोरडा ओढा, दोन्ही काठांवर घाणेरीची झुडपं आणि गवताच्या चार काड्या. ओढ्याच्या एका टोकाला राज्यमार्ग, दुसऱ्या टोकाला कालव्याचा बांध. अपघात होऊ नयेत म्हणून मार्ग मेंढरांना कायमचा बंद आणि पाणी गढूळ होऊ नये म्हणून बांधही कायमचा बंद. उरलेल्या दोन बाजू त्या सकाळी बंद झाल्या.

धुळा साठीला आलेला होता. डोईवर लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. हिंगणमाळच्या काठावर उभा राहून तो तोंडाने बारीक शीळ घालत होता. पुढे सरकलेली मेंढी शीळ ऐकली की थबकायची आणि मागे वळायची.

"शीळ घालू नगा आता, दम खावा वाईच," त्याची बायको फुलाबाई म्हणाली. "उगडंल येवढ्यात. सणाचा दिस हाय, उठलं नसतील."

"म्या न्हाई घातली तर यंत्र घालतंय. यंत्राच्या शिळंमागं झटका असतोय. माझ्या शिळंमागं काय बी न्हाई."

ही रीत धुळाने स्वतःच बसवलेली होती, आणि ती समजायला आधी गळपट्टा समजून घ्यावा लागेल.

मेंढीच्या गळ्यातला हा पट्टा एका पेरूएवढा जड असतो. वर उन्हावर चालणारी पट्टी, आत उपग्रहांच्या आधाराने जागा ओळखणारा यंत्राचा तुकडा. मेंढी कुठे उभी आहे, हे त्याला हातभराच्या अचूकतेने कळतं. गावाने फोनवरच्या नकाशावर बोटाने रेघ ओढली की ती रेघ परिसरातल्या सगळ्या पट्ट्यांमध्ये उतरते. मेंढी रेघेपासून चार पावलांवर आली की पट्टा शीळ वाजवतो. ती आणखी पुढे गेली की शिळेचा सूर चढतो. तरीही ती थांबली नाही तर मानेला झटका बसतो. विजेच्या तारेपेक्षा हा झटका पुष्कळ सौम्य. पण मेंढी तो दोन-तीनदाच खाते, आणि पुढे नुसत्या शिळेवर माघारी फिरते. सरकारी कागदांत याचं नाव मोठं होतं. लोक बिनतारी कुंपण म्हणायचे.

पट्टे पहिल्यांदा आले तेव्हा धुळाला मेंढरांच्या मानांची दया आली. यंत्राचा सूर त्याने दोन दिवसांत तोंडात बसवला. रेघ कुठून जाते ते फोनवर पाहायचं, मेंढी तिच्या जवळ जाण्याआधीच तो सूर काढायचा आणि तिला वळवायची. बाकीच्या मेंढपाळांनी त्याची थट्टा केली. पण त्यांची मेंढरं अधूनमधून झटके खायची, रेघेवर डोकं घालून पाहायची, कधी कधी झटका सोसून हिरव्यात घुसायची. धुळाच्या निम्म्याहून जास्त मेंढ्यांना झटका कसा असतो हे माहीतच नव्हतं. रेघ ओलांडल्याची एकही तक्रार त्याच्या नावावर नव्हती.

ही यंत्रं येण्यामागे मारामाऱ्या होत्या. पूर्वी या भागात रब्बीची ज्वारी निघाली की शेतकरी मेंढपाळाला निरोप धाडायचा. मेंढरं दिवसा रानातला पाला आणि धसकटांतलं गवत खायची, रात्री त्याच वावरात बसायची. त्यांच्या लेंड्यांनी आणि मुताने जमीन पुढच्या पिकाला तयार व्हायची. बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळायचं. याला मेंढरं बसवणं म्हणतात. मग ठिबक आलं, वर्षाला तीन पिकं निघू लागली, आणि रिकामं रान राहिलं नाही. हिरव्या पिकांच्या मधल्या बोळांतून कळप न्यायचा म्हणजे रोज कुठे ना कुठे तोंड लागणारच. चार वर्षांपूर्वी एका कळपाने कांद्याचं रोप खाल्लं. त्या मारामारीत एका मेंढपाळाचा हात मोडला, एक कांदाचाळ जळाली, आणि हिंगणमाळच्या हणमंत इंगळ्यांच्या धाकट्या भावाचा डोळा गेला.

पट्टे आले आणि एका हंगामात मारामाऱ्या थांबल्या. पोलिसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे काय होईल याचा अंदाज मात्र कोणी केला नव्हता. रेघ ओढायला गावाच्या कुंपण समितीच्या अध्यक्षाचं एक बोट पुरायचं. रेघ उतरवायला दोन-तृतीयांश खातेदारांची संमती लागायची. त्यामुळे रेघा वाढत गेल्या आणि उतरेनात. आधी बागायत बंद झाली, मग जिरायत, मग गायरानं. मेंढपाळांनी कळप विकले. दोन वर्षांत या रस्त्याने येणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांपैकी, म्हणजे फिरत्या तळांपैकी, मोजकेच उरले.

जमिनीचं नुकसान उशिरा दिसलं. युरिया पिकाला नत्र देतो, पण मातीत ओल धरून ठेवणारा जो कुजका भाग असतो तो युरियातून येत नाही. लेंडीतून येतो. तो संपत गेला तशी माती भांड्यासारखी कडक झाली, पाणी वरून वाहून जाऊ लागलं. त्यात यंदा परदेशातल्या लढाईमुळे खताची जहाजं अडकली. ज्वारीची कणसं बोटाएवढी निघाली. आठवडी बाजारात ज्वारीची पोती आली की दुपारपर्यंत संपू लागली. रेशनच्या दुकानात ज्वारी नाही, बाजरी नाही, फक्त लांबून आलेला तांदूळ, तोही अर्धा. तेव्हा गावांना मेंढरं आठवली.

धुळाचा कळप सोनवणवाडीत बसून झाला होता. पुढे तो हिंगणमाळला बसणार होता.

आठ वाजता शालन साबळे ओढ्यात उतरली. तिची तीन एकर जमीन काठालाच होती. नवरा गेल्यापासून ती एकटी करत होती. तिच्या सासऱ्यांनी धुळाच्या बापाला पहिल्यांदा बोलावलं होतं, तेव्हापासून हिंगणमाळमध्ये कळप आधी साबळ्यांच्या वावरात बसायचा.

"भाऊ, हे काय? मी वावर झाडून ठेवलंय, नारळ आणलाय. तुम्ही अजून इथंच?"

"वैनी, दार लागलंय," धुळा म्हणाला. "मागचं लागलं, फुडचं उगडलं न्हाई."

फुलाबाईने फोन तिच्यापुढे धरला. मदतीच्या क्रमांकावर एक गोड आवाज परत परत सांगत होता, "आपला कळप सुरक्षित क्षेत्रात आहे."

"ऐका. सुरक्षित म्हनं! ह्या बाईला हितं आणून बांधा येक दिस. गवताची काडी तरी दावंल का बगू."

शालनला हसू आलं आणि लगेच गेलं. मेंढ्या घाणेरीची पानं हुंगत होत्या. घाणेरी विषारी असते. भुकेली मेंढी तीही खाते.

ती तशीच हणमंत इंगळ्यांच्या दारात गेली. हणमंतअण्णा समितीचे अध्यक्ष. ते गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधत होते.

"अण्णा, कुंपण उतरलं नाही."

"संमती पुरी झाली नाही. तीन खाती कमी पडतात."

"कोणाची?"

हणमंतअण्णांनी गाठ आवळली. "माझं, आणि दोघा भावांचं."

"कळपाला बोलवायचं ठरलं तेव्हा तुम्हीच बैठकीत होता."

"बोलवायचं ठरलं होतं. कुठून आणायचं ते ठरलं नव्हतं. ओढ्याला लागून माझा दोन एकर मका उभा आहे शालन. जनावरांच्या दाण्याला तो एवढाच. मेंढरं आणा ना, पण सोनवणवाडीकडून पलीकडच्या रस्त्याने आणा. आधी त्यांनी त्यांची रेघ उतरवावी."

"ते म्हणतात त्यांनी भुईमूग पेरलाय."

"मग मी मका पेरलाय."

"अण्णा, धुळाभाऊंच्या मेंढरांनी आजवर कुणाचं पान खाल्लंय का?"

हणमंतअण्णांनी घराच्या ओसरीकडे पाहिलं. तिथे त्यांचा धाकटा भाऊ काळा चष्मा लावून बसला होता. "त्या दिवशीच्या मेंढरांनीही त्याच्या आधी कुणाचं खाल्लं नव्हतं," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे गावांत तंटा झाला तर जिल्ह्याच्या कार्यालयातून कुंपण उतरवता येत होतं. गुरुवारी पाडवा. शुक्रवारी साहेब रजेवर. मग शनिवार-रविवार. कापायला पट्टे कठीण नव्हते, कात्रीने कापले असते. पण पट्टा कापला की परवाना कायमचा जातो आणि कळप सरकारजमा होतो. धुळाच्या ओळखीतल्या दोघांचं तसं झालं होतं. एक आता साखर कारखान्याच्या गेटवर बसतो, दुसऱ्याचा पत्ता नाही.

शुक्रवारी दुपारी धुळाने एका पिकअपवाल्याला बोलावलं. मेंढरं गाडीत घालून मार्ग ओलांडायचा आणि तालुक्याच्या, अजून रेघ न पडलेल्या गायरानात सोडायची. पिकअपवाल्याला खात्री होती.

"मामा, पट्टा काय गाडीत बसल्यावर बघतोय व्हय? पत्र्याच्या आत त्याला आभाळ दिसत नाही."

पत्रा बाजूंना होता. वर ताडपत्री होती, आणि ताडपत्रीतून उपग्रहाला सगळं दिसतं. पंधरा मेंढ्या चढवल्या. गाडी मार्गावर आली तसे पंधराही पट्टे एकदम किंचाळले. मेंढ्यांना मागे वळायचं होतं, मागे फळी होती. त्या एकमेकींवर चढल्या. गाडी उलटी घेऊन परत ओढ्यात येईपर्यंत तळाशी दोन मेंढ्या गुदमरून मेल्या होत्या. एक गाभण होती.

पिकअपवाला भाडं न घेता निघून गेला. जाताना त्याने धुळाकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी शालनने आपल्या घरच्या बैलांसाठी ठेवलेला कडबा गाडीने आणून ओढ्यात टाकला. तो फार पुरला नाही. बोअरचं पाणी तिने पाइपने सोडलं. शेजारच्या दोन बायकांनी भाजीचा पाला दिला, पण पदराखाली लपवून. गावात बोललं जात होतं की साबळीण गावाच्या विरोधात गेली.

शनिवारी सकाळी कोकरांचा प्रश्न उभा राहिला. कळपात तिसेक कोकरं होती. तीन महिन्यांखालच्या कोकरांना पट्टा नसतो, त्यांच्या मानेला वजन सोसत नाही. आयांच्या कासेला दूध उतरेना, तशी भुकेली कोकरं काठ चढून हणमंतअण्णांच्या मक्यात शिरली. त्यांना रेघ माहीत नव्हती. आया रेघेपर्यंत धावल्या, पट्टे वाजले, आया थांबल्या. धुळा धावत काठावर गेला आणि शीळ घालू लागला. आत गेलेल्या कोकरांसाठी ओरडणाऱ्या आयांना तो शीळ घालून मागे लोटत होता, कारण नाही लोटलं तर त्यांना झटका बसला असता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ओठ शिळेसाठी गोल होते.

इंगळ्यांच्या गड्यांनी कोकरं धरली आणि गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातली.

फुलाबाई कोंडवाड्यापाशी गेली तेव्हा हणमंतअण्णा तिथेच होते. चार माणसं जमली.

"अण्णा, कोकरांनी खाल्लं तरी किती? त्यांस्नी दात न्हाईत अजून."

"दात नसतील, पाय आहेत. तुडवलं त्याचं काय?"

"मग पाय कोंडा त्यांचं, पोट तेवढं सोडा."

जमलेल्यांतलं कोणीतरी हसलं. हणमंतअण्णा हसले नाहीत.

"माझ्या भावाचा डोळा गेला, तेव्हा तुमच्यातलं एक तरी माणूस विचारायला आलं का?"

"आलो व्हतो. मी आन् मालक. दूध घिऊन आलो व्हतो. तुमीच दारातनं हाकललं."

हणमंतअण्णांना ते आठवत असावं. कोंडवाड्याचं कुलूप त्यांनी उघडलं नाही, पण गड्याला कोकरांपुढे पाणी ठेवायला सांगितलं.

त्या दिवशी ओढ्यात सात मेंढ्या मेल्या. तीन घाणेरी खाऊन, बाकीच्या कशाने ते कळलं नाही. मेलेल्या मेंढ्यांचे पट्टे चालूच होते. फोनवर कळप पूर्ण दिसत होता.

रविवारी सकाळी हणमंतअण्णा शालनच्या वावरात आले. बांधावर बसले, मातीचं ढेकूळ उचललं. ते फुटलं नाही.

"खत येत नाही यंदा," ते म्हणाले. "काल सोसायटीत सांगितलं. पावसाळ्याआधी नाहीच."

शालनने ते ढेकूळ त्यांच्या हातातून घेतलं.

"माझी बारा एकर आहे. कळप आधी माझ्याकडे बसेल. पाऊस पडेपर्यंत. धुळाला धान्य मी देईन, कमी देणार नाही. तू तुझा पहिला मान सोडायचा. तसं असेल तर तिन्ही खात्यांची संमती देतो."

"आणि माझं वावर?"

"उरलं तर."

हणमंतअण्णांच्या बारा एकरांनंतर पाऊस येण्याआधी काही उरणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. शालनचं ज्वारीचं वावर मागच्या वर्षी पोटापुरतंही पिकलं नव्हतं. ओढ्यातून मेंढरांचा आवाज येत होता. गुरुवारी तो कालव्यापर्यंत ऐकू जायचा, आता काठापर्यंतही नीट पोचत नव्हता.

"द्या संमती," ती म्हणाली. "आणि कोकरं सोडा."

अकराच्या सुमाराला हिंगणमाळचं कुंपण उतरलं. तात्पुरतं उतरवलेलं कुंपण नियमाप्रमाणे दुसऱ्या सकाळी सहा वाजता आपोआप चढतं, पण तेवढ्या वेळात कळप ओढा सोडून रानात जाऊन रेघेच्या आत बसला असता. काठावर गाव जमलं. हणमंतअण्णांच्या मक्याच्या पलीकडे त्यांचंच ज्वारीचं मोकळं रान होतं, त्यात गवत होतं, पाला होता. मका तुडवला जाऊ नये म्हणून अण्णांच्या धाकट्या भावाने मक्याच्या कडेने वाट मोकळी करून दोन्ही बाजूंना माणसं उभी केली.

"हाणा आता, भाऊ," शालन म्हणाली.

धुळाने घोंगडं झटकलं आणि हाळी दिली. कळप उठला. सगळ्यात पुढे चांदी नावाची म्हातारी मेंढी असायची, कपाळावर पांढरा टिळा. ती जाईल तिकडे कळप जायचा. चांदी काठापर्यंत आली. रेघ जिथे होती तिथे, चार पावलं अलीकडे, ती थांबली. कळप तिच्यामागे थांबला.

पट्टा वाजला नव्हता. फोनवर रेघ नव्हती.

धुळाने परत हाळी दिली. मेंढ्यांनी माना वर केल्या, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिथेच राहिल्या. त्याने मागून काठी आपटली. कळप दाटला, पुढच्या मेंढ्या बाजूला वळल्या आणि रेघेच्या कडेकडेने धावून मागे आल्या. फुलाबाईने मूठभर हिरवं गवत चांदीच्या तोंडापुढे धरलं. चांदीने मान लांबवली, ओठ हलवले, पाय उचलला नाही.

"आता का?" हणमंतअण्णा म्हणाले. "उघडलं ना? आता का?"

शालनने डॉ. मृणाल खटावकरांना फोन लावला. जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या या बाई पट्टे आले तेव्हा गावात माहिती द्यायला आल्या होत्या. त्या पुण्याहून गाडी चालवत दुपारी तीनला पोचल्या. काठावर चालत गेल्या, मेंढरं जिथे वळत होती तिथे दगड ठेवत गेल्या. दगडांची ओळ जुन्या रेघेला समांतर आली, हातभरही इकडेतिकडे नाही.

"इतर कळपांत ही अडचण मी पाहिली आहे," त्या म्हणाल्या, "पण तासा-दोन तासांची. काही मेंढ्या हट्टी असतात, त्या रेघेवर पुन्हा पुन्हा डोकं घालून बघतात. रेघ उतरली की त्यांना झटका बसत नाही, त्या पुढे जातात, बाकीच्या मागून. तुमच्या कळपात बघणारी एकही मेंढी दिसत नाही. असं कसं झालं?"

धुळाने ओठ गोल केले आणि यंत्राचा सूर काढला. काठावरच्या सगळ्या मेंढ्या एकाच वेळी दोन पावलं मागे सरकल्या.

डॉक्टरबाई त्याच्याकडे वळल्या.

"चार दिवस तुम्ही ही शीळ घालताय?" त्यांनी विचारलं.

"तीन साल," धुळा म्हणाला. "हितं चार दिस."

"काका, ज्या मेंढीने रेघ कधी तपासलीच नाही, तिला रेघ गेल्याचं कसं कळणार? तिच्या लेखी ती अजून तिथेच आहे."

"मग काडून टाका तिच्या डोस्क्यातनं."

"वेळ लागतो. आठवडे. रिकाम्या पोटी त्या तेवढं थांबू शकणार नाहीत."

"चारा हितं आणला तर?" शालनने विचारलं.

"तर जगतील. पण किती दिवस आणणार?"

शालनकडे कडबा संपला होता. हणमंतअण्णांनी मक्याकडे पाहिलं. त्यांचा भाऊ काळ्या चष्म्यामागून म्हणाला, "दादा, मका कापायचा का?" अण्णांनी गड्याला कोकरं आणायला पाठवलं.

कळप वर आला की सोडायची म्हणून कोंडवाड्यातच ठेवलेली कोकरं आली. रानाच्या बाजूला सोडून आयांना बोलवू द्यावं, असं डॉक्टरबाईंनी सुचवलं. कोकरं क्षणभरही रानात थांबली नाहीत. रेघ होती तिथून उड्या मारत खाली उतरली आणि आयांच्या कासेला लागली. आटलेल्या कासांना ढुशा देऊ लागली. त्यांना परत उचलून वर नेलं, की ती पुन्हा खाली. आया प्रत्येक वेळी दगडांच्या ओळीपर्यंत यायच्या आणि ओरडायच्या.

चारच्या पुढे फुलाबाई नवऱ्याजवळ गेली.

"अवं, मानंची दया केली तुमी. आता पाठीवर घ्या."

धुळाने मुंडासं सोडून कमरेला बांधलं. तो चांदीपाशी बसला, तिचे चारी पाय धरले, तिला खांद्यावर घेतलं आणि काठ चढला. रेघ ओलांडताना चांदी थरथरली, तिने त्याच्या पाठीवर मुतलं. त्याने तिला ज्वारीच्या रानात उतरवलं. ती उभी राहिली. गवत पायाशी होतं. तिने ते खाल्लं नाही. खाली ओढ्याकडे तोंड करून ती ओरडू लागली.

धुळा परत खाली उतरला आणि दुसरी उचलली. फुलाबाईने एक उचलली. शालनला मेंढी उचलायची सवय नव्हती, तिने अर्ध्या वाढीची मेंढी उचलली. मग सोनवणवाडीच्या काठावर बघत उभा असलेला एक माणूस ओढ्यात उतरला. मग हिंगणमाळचे दोघे. हणमंतअण्णा काठावरच होते. त्यांचा भाऊ खाली गेला. एका डोळ्याने काठाचा अंदाज येत नसल्याने तो हात टेकत चढत होता, खांद्यावर मेंढी.

अंधार पडायच्या आत धुळा दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

शेवटची माहिती मिळाली तेव्हा कळपाचा निम्म्याहून कमी भाग रानात पोचला होता. वर नेलेल्या मेंढ्यांपैकी थोड्यांनी गवताला तोंड लावलं होतं. बाकीच्या रानातून परत फिरून काठावर आल्या होत्या आणि जुन्या रेघेच्या वरच्या बाजूला, चार पावलं अलीकडे, रांगेने उभ्या होत्या. ओढ्यातल्या मेंढ्या रेघेच्या खालच्या बाजूला, चार पावलं अलीकडे, दगडांपाशी रांगेने उभ्या होत्या. दोन्ही रांगांची तोंडं एकमेकींकडे होती. हणमंतअण्णांच्या हातात विळा होता. मका अजून उभा होता. कुंपण सकाळी सहाला परत चढणार होतं. मधल्या मोकळ्या पट्टीतून कोकरं तेवढी खालून वर आणि वरून खाली जात होती.